गुडघ्याचा हवामान अंदाज : एका नोंदवहीचा इतिहास

पावसाळा तोंडावर आला होता. शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही हवेच्या दाबावरचा पाठ घेत होतो. फळ्यावर पाऱ्याच्या नळीची आकृती काढून झाली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "सर, पाऱ्याचं राहू द्या. माझा गुडघा कालपासून ठणकतोय. दोन दिवसांत पाऊस येणार बघा." वर्गात हशा पिकला. एक तरुण शिक्षक म्हणाले, "बाई, मग वेधशाळेत गुडघाच ठेवायला हवा!" आणि आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, "सर, विज्ञान याला काय म्हणतं?"

आम्ही १९९६ सालच्या एका प्रसिद्ध शोधनिबंधाचा हवाला दिला आणि "हा मनाचा खेळ आहे" असे सांगून मोकळे झालो. बाई गप्प बसल्या. पाठ पुढे सरकला.

पुढे या प्रश्नाचा इतिहास सवडीने वाचला, तेव्हा आपण उत्तर देण्याची घाई केली हे आमच्या ध्यानात आले. आमचे उत्तर पूर्ण चूक नव्हते, पण पूर्ण बरोबरही नव्हते. मुख्य म्हणजे, ज्या व्यक्तीकडे निरीक्षण होते तिलाच आम्ही गप्प केले होते. हवामान आणि दुखणे यांच्या नात्याचा इतिहास पाहिला, तर हीच चूक तेथे पुन्हा पुन्हा झालेली दिसते. म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात मांडत आहोत.

जुनी निरीक्षणे

आभाळ भरून आले की सांधे धरतात, जुना मुका मार पावसाळ्यात डोके वर काढतो, हा अनुभव आपल्या घराघरांत ऐकू येतो. तो आजकालचा नाही. सुश्रुतसंहितेत वात केव्हा बळावतो हे सांगताना थंडी, ढगाळ हवा, जोराचा वारा आणि उन्हाळ्याच्या अखेरीचा काळ यांचा उल्लेख आहे. आयुर्वेदाच्या मांडणीत वात ग्रीष्मात साठतो, वर्षा ऋतूत प्रकोप पावतो आणि शरद ऋतूत शमतो. त्रिदोषांची ही उपपत्ती आजच्या शरीरशास्त्रात बसत नाही, हे खरे. परंतु तिच्यामागे रुग्णांची अनेक पिढ्यांची गाऱ्हाणी होती, हेही तितकेच खरे.

ग्रीक वैद्यक परंपरेतही हेच दिसते. हिप्पोक्रॅटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात हवा, पाणी आणि स्थळे या विषयावर इसवी सनापूर्वी सुमारे चारशे वर्षांचा एक ग्रंथ आहे. परक्या गावात वैद्यकी करू पाहणाऱ्याने आधी तेथील ऋतू आणि वारे समजून घ्यावेत, असा त्याचा आग्रह आहे.

भारत आणि ग्रीस या दोन्ही ठिकाणी निरीक्षण होते. नव्हते ते मापन. 'हवा कुंद आहे' आणि 'आज फार दुखते' या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या जाणिवेतून येत होत्या. कुंद हवेमुळे दुखते, की दुखत असल्यामुळे हवा अधिक कुंद वाटते, हे कसे ठरवणार? दोहोंपैकी निदान एक गोष्ट माणसाच्या जाणिवेबाहेर, एखाद्या उपकरणाच्या साहाय्याने मोजता येणे आवश्यक होते.

पाऱ्याची नळी आणि हुकचा तक्ता

ते उपकरण सतराव्या शतकात इटलीत जन्माला आले. एव्हांजेलिस्ता टॉरिचेली याच्या कल्पनेनुसार १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली गेली आणि आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हे स्पष्ट झाले. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी ही नळी घेऊन प्युई द दोम हा डोंगर चढला. माथ्यावर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंटीमीटरने कमी भरली. वर गेलो की डोक्यावरची हवा कमी, म्हणून तिचा दाब कमी.

नळी एकाच जागी ठेवली तरी पारा दिवसेंदिवस थोडा वरखाली होतो आणि वादळापूर्वी तो उतरतो, हेही लवकरच लक्षात आले. मग हवामानाच्या नियमित नोंदी ठेवण्याची कल्पना पुढे आली. लंडनच्या रॉयल सोसायटीचा रॉबर्ट हुक याने अशा नोंदींची एक पद्धत तयार केली आणि ती १६६७ साली सोसायटीच्या इतिहासग्रंथात छापली गेली. वाऱ्याची दिशा, उष्णता, आर्द्रता, हवेचा दाब, आकाशाचे रूप अशा बाबी त्याने त्यात सुचवल्या होत्या. शाळेतल्या हवामान तक्त्यात आजही आपण जवळपास याच बाबी भरतो. परंतु हुकच्या पद्धतीत आणखी एक बाब होती, ती आपल्या तक्त्यात नाही. त्या दिवशी माणसांच्या शरीरात कोणती दुखणी-खुपणी उद्भवली, कोणत्या आजारांचा जोर होता, हेही लिहावे असे त्याने सुचवले होते.

म्हणजे हवामानाच्या शिस्तबद्ध नोंदींचा विचार सुरू झाला, तेव्हाच दुखण्याला त्यात जागा होती. पुढे हवामानशास्त्र आणि वैद्यक यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकाकडे पारा राहिला, दुसऱ्याकडे रुग्ण.

कॅप्टनची नोंदवही

या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या त्या अमेरिकेत, यादवी युद्धानंतर. १८६१ ते १८६५ या काळातील या युद्धात बंदुकीच्या गोळ्यांनी हजारो सैनिकांचे हातपाय निकामी झाले. फिलाडेल्फिया शहरात मज्जातंतूंच्या जखमांसाठी एक खास लष्करी रुग्णालय उघडण्यात आले होते. तेथे काम करणारे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी अशा जखमींचा बारकाईने अभ्यास केला. कापून टाकलेला पाय अजून जागेवरच आहे असे वाटणे, एवढेच नव्हे तर तो दुखणे, या अनुभवाला 'भासमान अवयव' या अर्थाचे इंग्रजी नाव त्यांनीच १८७१ मध्ये दिले.

त्यांच्या रुग्णांपैकी एक होते कॅप्टन रॉबर्ट कॅटलिन. १८६४ साली रणांगणावर त्यांनी पाय गमावला. जखम भरली, पण उरलेल्या भागातून कळा येणे थांबले नाही. कळा कधी येत, कधी जात. आपल्या दुखण्याचा हवेशी संबंध असावा असा संशय त्यांना आला. अशा वेळी बहुतेक माणसे जे करत नाहीत ते कॅटलिन यांनी केले. दुखणे केव्हा सुरू झाले, किती तास टिकले, किती तीव्र होते, याची त्यांनी पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली आणि अनेक वर्षे ती चिकाटीने चालू ठेवली.

वेळही योग्य होती. १८७० पासून अमेरिकेच्या लष्करी संदेश विभागाने देशभरच्या ठाण्यांवर एकाच वेळी निरीक्षणे घेऊन ती तारायंत्राने एकत्र करण्यास सुरुवात केली होती. (आपल्याकडे भारतीय हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ मध्ये.) तारायंत्रापूर्वी वादळाची बातमी वादळाच्या मागून येई. आता शेकडो मैलांवरचे वादळ नकाशावर दिसू लागले आणि ते कोठे सरकते आहे हेही कळू लागले. एका बाजूला कॅप्टनची नोंदवही आणि दुसऱ्या बाजूला हे नकाशे, अशी तुलना करणे प्रथमच शक्य झाले.

ती तुलना मिचेल यांनी १८७७ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांचे चित्र असे होते : वादळाच्या मध्यभागी कमी दाबाचा प्रदेश असतो, त्याच्या पुढे आणि भोवती पावसाचा पट्टा असतो, आणि पावसाच्याही सुमारे १५० मैल पुढे दुखण्याचा एक पट्टा चालतो. कॅटलिन या पट्ट्यात सापडले की त्यांच्या कळा सुरू होत. पुष्कळदा पाऊस त्यांच्यापर्यंत पोहोचतही नसे, तो दुसरीकडूनच निघून जाई. तरी दुखणे यायचे.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पाऊस पाहून किंवा आभाळ पाहून दुखणे 'आठवते', असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला यात काही अंशी उत्तर होते. काही अंशीच, कारण कॅटलिन यांना हवामानात रस होता आणि हवामानाची माहितीही त्यांना उपलब्ध होती. शिवाय हा एकाच माणसाचा अनुभव होता. पण शास्त्रीय प्रश्न कसा मांडावा याचा हा उत्तम नमुना होता. दुखणाऱ्या माणसाने आपल्या दुखण्याची नोंद ठेवायची, हवेची नोंद दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे ठेवायची आणि नंतर दोन्ही शेजारी मांडायच्या.

जिला लेखणी ठेवायला सांगितले

या गोष्टीला एक काळी बाजू आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही. डॉ. मिचेल त्या काळी आणखी एका उपचारासाठी नावाजले गेले होते. थकवा, उदासीनता किंवा मज्जासंस्थेच्या तक्रारी असलेल्या रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, ते सक्तीची विश्रांती देत. अंथरुणावर पडून राहायचे, भरपूर खायचे, कोणाला भेटायचे नाही, वाचन-लेखन बंद.

१८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन ही तरुण लेखिका बाळंतपणानंतरच्या तीव्र उदासीनतेने त्रस्त होऊन त्यांच्याकडे आली. तिने पुढे १९१३ मध्ये लिहिले आहे, त्यानुसार मिचेल यांनी तिला घरी पाठवताना आयुष्यभर लेखणीला हात लावू नकोस, असे बजावले. तो सल्ला पाळल्यावर आपण वेडाच्या काठापर्यंत गेलो, असे ती सांगते. तो झुगारून तिने पुन्हा लिहायला घेतले. अशाच उपचारात कोंडल्या गेलेल्या स्त्रीची तिची कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती आजही वाचली जाते.

ज्या डॉक्टरांनी कॅप्टनच्या नोंदवहीवर विश्वास ठेवला, त्याच डॉक्टरांनी या स्त्रीला नोंद करण्यापासूनच रोखले. मिचेल यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल शंका नाही. परंतु कोणाचे निरीक्षण 'निरीक्षण' मानायचे आणि कोणाचे 'लक्षण' मानायचे, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. आमच्या प्रशिक्षण वर्गातल्या बाईंची आठवण आम्हांला येथेच झाली.

बंद खोलीतले हवामान

एका माणसाच्या नोंदींवरून नियम सांगता येत नाही. प्रयोग हवा. पण हवामानावर प्रयोग कसा करणार? पाऊस आपल्या हातात नसतो.

यावर फिलाडेल्फियातच एक उपाय निघाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संधिवाततज्ज्ञ जोसेफ हॉलंडर यांनी १९६० च्या सुमारास एक बंदिस्त निवासी कक्ष उभारला. त्यात तापमान, आर्द्रता, हवेचा दाब हे सारे यंत्रांनी नियंत्रित करता येत असे. संधिवाताचे रुग्ण तेथे काही आठवडे राहात आणि त्यांच्या भोवतीचे 'हवामान' हळूहळू बदलले जाई. १९६३ मध्ये हॉलंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ आर्द्रता वाढवली किंवा केवळ दाब उतरवला, तर विशेष फरक पडत नव्हता. मात्र आर्द्रता वाढत असतानाच दाब उतरवला, तर आमवाताच्या बहुतेक रुग्णांचे सांधे अधिक दुखू लागले. पाऊस येण्यापूर्वी निसर्गात बहुधा हेच घडते.

प्रयोग देखणा होता, पण रुग्ण मोजकेच होते. एवढ्या थोड्या माणसांत योगायोगाने काहीही दिसू शकते. तरी अनेक वर्षे पाठ्यपुस्तके याच प्रयोगाचा दाखला देत राहिली.

अठरा रुग्ण, सत्त्याण्णव विद्यार्थी

आता आम्ही वर्गात ज्याचा हवाला दिला होता त्या १९९६ च्या शोधनिबंधाकडे येऊ. डोनाल्ड रेडेलमायर हे कॅनडातील वैद्य आणि एमॉस ट्वर्स्की हे मानसशास्त्रज्ञ. माणूस अंदाज बांधताना कोठे आणि का चुकतो, या विषयात ट्वर्स्की यांचे काम जगभर गाजलेले होते.

त्यांनी आमवाताच्या १८ रुग्णांच्या स्थितीची महिन्यातून दोनदा, अशी १५ महिने नोंद घेतली आणि ती स्थानिक हवामानाशी ताडून पाहिली. १८ पैकी बहुतेक सर्वांची खात्री होती की आपले दुखणे हवेबरोबर बदलते. प्रत्यक्ष आकड्यांत मात्र सहसंबंध जवळजवळ शून्य निघाला.

निबंधाचा दुसरा भाग अधिक मनोरंजक आहे. त्यांनी ९७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आकड्यांच्या जोड्या दाखवल्या. एक मालिका हवेच्या दाबाची, दुसरी दुखण्याची. कोणत्या मालिकांमध्ये संबंध दिसतो, असे विचारले. ज्या मालिकांमध्ये काहीही संबंध नव्हता, त्यांतही बहुसंख्य विद्यार्थ्यांना संबंध 'दिसला'. ना या विद्यार्थ्यांचे सांधे दुखत होते, ना त्यांना कोणाचे समाधान करायचे होते. आकार शोधणे हा मानवी मनाचा स्वभावच आहे. पाऊस आला आणि गुडघा दुखला, तो दिवस लक्षात राहतो. गुडघा दुखला आणि ऊन पडले, तो दिवस विसरला जातो.

हा धडा मोलाचा आहे, आणि विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने तो मुलांना शिकवावा. पण एवढ्यावरून 'संबंध नाहीच' असे म्हणता येते का? १८ रुग्ण, महिन्यातून दोन नोंदी. दुखणे तासातासाला बदलते, पाऊस दोन दिवसांत येऊन जातो. मोठ्या भोकांच्या जाळ्यात लहान मासे सापडले नाहीत, म्हणून तळ्यात मासेच नाहीत असे ठरत नाही. संबंध आहे असे मानणारे लोक मनाच्या सवयीमुळे फसू शकतात, हे या निबंधाने दाखवले. संबंध नाही, हे त्याने सिद्ध केले नाही. आमची चूक झाली ती नेमकी या दोन वाक्यांमधील फरकात.

मोठ्या संख्या, निरनिराळी उत्तरे

पुढच्या काळात जाळी अधिकाधिक बारीक आणि मोठी होत गेली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील संशोधकांनी २०१४ मध्ये पाठदुखीच्या ९९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखणे सुरू झाले त्या वेळचे हवामान आणि त्याच रुग्णाच्या त्याआधीच्या काळातील हवामान यांची त्यांनी तुलना केली. या पद्धतीत प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होते. वय, आजार, स्वभाव यांतले फरक आपोआप बाजूला पडतात. तापमान, आर्द्रता, दाब, पाऊस यांचा संबंध आढळला नाही. वाऱ्याचा किंचित आढळला, पण उपचारांच्या दृष्टीने तो नगण्य होता.

२०१७ मध्ये अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या नोंदी तपासल्या गेल्या. डॉक्टरांकडे झालेल्या १ कोटी १६ लाखांहून अधिक भेटींपैकी सांधेदुखी किंवा पाठदुखीच्या किती, हे पाहिले. पावसाच्या दिवशी हे प्रमाण ६.२३ टक्के, कोरड्या दिवशी ६.४२ टक्के. म्हणजे फरक अत्यल्प, आणि तोही उलट दिशेने! वर्तमानपत्रांनी 'समज खोटा ठरला' अशा अर्थाचे मथळे दिले. पण येथे थोडे थांबून विचार करू या. मोजले काय? दुखणे नव्हे, तर डॉक्टरांकडे जाणे. गुडघा ठणकत असताना भर पावसात घराबाहेर पडून दवाखाना कोण गाठेल? शिवाय तेथे भेटीची वेळ बहुधा आधीच ठरलेली असते. संख्या कोटीत असली तरी मोजमाप चुकीच्या गोष्टीचे असेल, तर उत्तर आपल्या प्रश्नाचे असेलच असे नाही.

म्हणजे पुन्हा नोंदवहीकडेच परतायला हवे होते. फक्त ती एका कॅप्टनऐवजी हजारोंच्या हाती द्यायला हवी होती.

हे काम इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात विल डिक्सन या संधिवाततज्ज्ञांच्या नेतृत्वाखाली झाले. २०१६ मध्ये त्यांनी दीर्घकालीन वेदना असलेल्या लोकांना मोबाइल फोनवर रोज आपले दुखणे नोंदवण्याचे आवाहन केले. देशभरातून १३ हजारांहून अधिक लोक पुढे आले. रोज दुखणे किती, झोप कशी लागली, मन कसे आहे, हिंडणे-फिरणे किती झाले, हे त्यांनी लिहायचे. ते कोठे आहेत हे फोनवरून कळत असल्याने तेथील हवामान केंद्राचे आकडे आपोआप जोडले जात. पुरेशा नोंदी झालेल्या २,६५८ व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या सहभागी व्यक्तींत बहुसंख्य स्त्रिया होत्या. गिलमनला लेखणी खाली ठेवायला सांगितले गेले त्याला तेव्हा १३० हून अधिक वर्षे उलटली होती.

निष्कर्ष काय निघाला? सापेक्ष आर्द्रता जास्त, हवेचा दाब कमी आणि वारा जोराचा, अशा दिवशी दुखणे वाढण्याची शक्यता थोडी अधिक असते. त्यांत आर्द्रतेचा वाटा सर्वांत मोठा. लोक ज्या थंडीला सर्वाधिक दोष देतात त्या तापमानाचा मात्र सरासरीने संबंध दिसला नाही. केवळ मनाची अपेक्षाच काम करत असती, तर थंडीचा प्रभाव आधी दिसायला हवा होता. वाईट हवेत मन उदास होते आणि माणूस घरात बसून राहतो, एवढ्यानेही या संबंधाचा उलगडा झाला नाही.

आता परिणामाचा आकार पाहा. सर्वांत प्रतिकूल हवेच्या दिवशी दुखणे वाढण्याची शक्यता सरासरी दिवसापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक. '२० टक्के' ऐकायला मोठे वाटते. म्हणून असे समजा : सरासरी दिवशी १०० पैकी ५ जणांचे दुखणे वाढत असेल, तर अशा दिवशी ६ जणांचे वाढेल. म्हणजे संबंध आहे, पण लहान आहे. गुडघ्यावरून पावसाचा भरवशाचा अंदाज सांगता येणार नाही. पण पावसाळी हवेत गुडघा अधिक दुखतो असे कोणी म्हणाले, तर त्याला खोटेही पाडता येणार नाही.

कारण काय असावे?

दाब उतरला की सांध्यांभोवतीच्या ऊती किंचित फुगतात आणि मज्जातंतूंवर ताण येतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. कल्पना सोपी आहे, पण तिची परीक्षा घेऊ या. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो आणि सुरुवातीला दर ८ मीटर चढाला साधारण १ हेक्टोपास्कलने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. म्हणजे मुंबईहून पुण्याला येणाऱ्या प्रवाशाला काही तासांत ६० हेक्टोपास्कलहून अधिक घट सोसावी लागते. एवढी घट आपल्याकडच्या नेहमीच्या पावसाळी दिवसांत कधीच होत नाही. दाबच सर्वस्वी जबाबदार असता, तर बोरघाट चढताना गाडीतले निम्मे प्रवासी कण्हू लागले असते! तेव्हा केवळ 'फुगण्या'चे स्पष्टीकरण अपुरे आहे.

जपानमध्ये नागोया येथे जुन सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा धागा शोधला. मज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांभोवतीचा हवेचा दाब त्यांनी उतरवला, तेव्हा त्या उंदरांचे वेदनेचे वर्तन वाढले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्या उंदरांचा आंतरकर्ण निकामी केला होता त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे दाबातील बदल सांध्याला नव्हे, तर आंतरकर्णाला कळत असावा आणि तेथून मज्जासंस्थेमार्फत जुने दुखणे चेतवले जात असावे. माणसांत हे कितपत लागू आहे आणि आर्द्रतेचा परिणाम कोणत्या मार्गाने होतो, या प्रश्नांचा निकाल अजून लागलेला नाही.

आणखी एक सावधगिरी. मँचेस्टरचे आकडे ब्रिटनच्या हवेतले आहेत. तेथे एखाद्या वादळाबरोबर दाब दोन दिवसांत वीस-तीस हेक्टोपास्कलने खालीवर होऊ शकतो. आपल्याकडे एरवी दिवसादिवसांतला फरक काही हेक्टोपास्कलचाच असतो. उलट, उष्ण कटिबंधात रोज ठरावीक वेळी दाबाची भरती-ओहोटी होते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि फरक साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलचा असतो. कोकणात तर पावसाळाभर आर्द्रता चढीच राहते. तेव्हा तेथले निष्कर्ष आपल्या गुडघ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्या हवेत आपल्याच नोंदी हव्यात.

वर्गासाठी एक उपक्रम

त्या नोंदी शाळेतही घेता येतील. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरातील किंवा शेजारची, सांधेदुखी असलेली आणि राजीखुशीने तयार असलेली एकेक व्यक्ती निवडावी. आजी, आजोबा, काकू, कोणीही. त्या व्यक्तीने रोज रात्री झोपताना आपल्या दुखण्याला ० ते १० यांपैकी एक आकडा द्यावा. विद्यार्थ्याने तो वहीत लिहावा, आणि मागची पाने त्या व्यक्तीला दाखवू नयेत. दुसऱ्या गटाने शाळेत हवेचा दाब, आर्द्रता आणि पाऊस यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. दोन्ही गटांनी तीन महिने एकमेकांच्या वह्या पाहायच्या नाहीत. मे-जूनपासून सुरुवात केली तर कोरडे आणि ओले असे दोन्ही प्रकारचे दिवस मिळतील.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी. वह्या उघडण्यापूर्वीच फळ्यावर चार रकाने आखा : ओला दिवस आणि दुखणे जास्त, ओला दिवस आणि दुखणे कमी, कोरडा दिवस आणि दुखणे जास्त, कोरडा दिवस आणि दुखणे कमी. ओला दिवस कशाला म्हणायचे आणि जास्त दुखणे कशाला, हेही आधीच ठरवा. मग चारही रकाने भरा. आपली आठवण फक्त पहिला रकाना भरते, उरलेले तीन रकाने वहीलाच भरावे लागतात. एवढे समजले तरी संख्याशास्त्राचा निम्मा पाया मुलांच्या हाती येईल. निष्कर्ष कोणताही निघो, मूठभर माणसांवरून तो सर्वांना लागू करू नये, हेही त्यांना सांगावे.

या उपक्रमात आजीच्या दुखण्याची परीक्षा नाही, हे मुलांना आधीच स्पष्ट करावे. दुखते की नाही हे फक्त तीच सांगू शकते, त्याला दुसरे उपकरण नाही. परीक्षा आहे ती दुखणे आणि हवा यांच्या नात्याची. 'तुम्हांला दुखतं हे खरं. ते पावसामुळे का, हे आपण मिळून तपासू या,' असे जर आम्ही त्या दिवशी वर्गात म्हणालो असतो, तर मागच्या बाकावरच्या बाई गप्प बसल्या नसत्या. कदाचित दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊनच आल्या असत्या.